प्रतिकृती रेल्वेसाठी मुद्रित परिपथ फलकांचे आरेखन

प्रतिकृती रेल्वेसाठी मुद्रित परिपथ फलकांचे आरेखन म्हणजे आगगाडीच्या लहान प्रमाणातील प्रतिकृतींमध्ये आणि त्या ज्यावर धावतात त्या मांडणीमध्ये वापरावयाच्या इलेक्ट्रॉनिक परिपथांसाठी विशिष्ट मापाचे व विशिष्ट कामाचे छोटे फलक तयार करण्याची पद्धत होय. डब्यांतील दिवे, इंजिनातील डीकोडर, सांधे बदलणारी यंत्रणा, सिग्नल आणि रुळांवरील गाडीची उपस्थिती ओळखणारे परिपथ यांसाठी असे फलक वापरले जातात. बाजारात मिळणारा तयार फलक प्रतिकृतीच्या अंतर्भागात बसत नसेल, त्याचे उत्पादन थांबलेले असेल किंवा हवे ते काम तो करत नसेल, तर छंदधारक स्वतः फलकाचा आराखडा तयार करतात.

हे फलक आकाराने लहान असले तरी ज्या रुळांमधून त्यांना वीज मिळते, ते रूळ मोठ्या क्षमतेच्या वीजस्रोताला जोडलेले असतात. दोनच रुळांमधून वीज व आज्ञा दोन्ही वाहतात आणि गाडी रुळांवरून घसरल्यास शॉर्टसर्किटचा प्रवाहही त्याच मार्गाने येतो. त्यामुळे परिपथ नेहमीच्या स्थितीत चालणे पुरेसे नसते. बिघाडाच्या स्थितीत तो कसा वागेल, हाही आरेखनाचाच भाग मानला जातो.

पार्श्वभूमी

मुद्रित परिपथाच्या विकासात ऑस्ट्रियात जन्मलेले अभियंते पॉल आइसलर यांचे काम महत्त्वाचे मानले जाते. १९३६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये त्यांनी रेडिओ संचासाठी असा परिपथ तयार केला. सुट्या तारांऐवजी विद्युतरोधी पृष्ठभागावरील तांब्याच्या पातळ पत्र्यातून हव्या त्या मार्गिका ठेवून उरलेले तांबे काढून टाकणे, हे या पद्धतीचे मूळ तत्त्व आहे. आज बहुतेक फलकांसाठी काचतंतू व इपॉक्सी यांपासून बनवलेला एफआर-४ हा पदार्थ वापरतात. त्याची प्रचलित जाडी १.६ मिलिमीटर आणि त्यावरील तांब्याच्या थराची जाडी सुमारे ३५ मायक्रोमीटर असते.

प्रतिकृती रेल्वेमध्ये दीर्घकाळ इलेक्ट्रॉनिक घटकांचा वापर मर्यादित होता. दोन रुळांच्या पद्धतीत रुळांना साधारणतः १२ व्होल्टपर्यंतचा दिष्ट प्रवाह दिला जाई. दाब वाढवला की इंजिनाचा वेग वाढे व ध्रुव बदलले की दिशा बदले. एकाच रुळावर उभी असलेली दोन इंजिने स्वतंत्रपणे चालवायची असल्यास रुळांचे विद्युतदृष्ट्या वेगळे भाग करावे लागत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील लेन्झ इलेक्ट्रॉनिक या कंपनीने विकसित केलेल्या अंकीय पद्धतीच्या आधारे अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात डिजिटल कमांड कंट्रोल अर्थात डीसीसी हे मानक स्वीकारले. या पद्धतीत रुळांवर कायम पूर्ण दाब असतो आणि प्रत्येक इंजिनातील डीकोडर आपल्या पत्त्यावर आलेली आज्ञा वाचून मोटर व दिवे नियंत्रित करतो. यामुळे प्रत्येक इंजिनात एक परिपथ फलक असणे आवश्यक झाले.

रुळांवरील वीज आणि संदेश

डीसीसी पद्धतीत दोन रुळांमधील विद्युतदाबाचे ध्रुव सतत उलटसुलट होत असतात आणि या बदलांच्या कालावधीतूनच संदेश पाठवला जातो. ‘१’ या अंकासाठी प्रत्येक अर्धा भाग नाममात्र ५८ मायक्रोसेकंदांचा, तर ‘०’ या अंकासाठी १०० मायक्रोसेकंद किंवा त्याहून अधिक असतो. संदेशाच्या सुरुवातीला ‘१’ या अंकांची मालिका, त्यानंतर पत्ता, आज्ञा आणि शेवटी चूक ओळखण्यासाठीचा बाइट येतो. हा बाइट जुळला नाही तर डीकोडर तो संदेश दुर्लक्षित करतो.

एचओ प्रमाणाच्या मांडणीत रुळांवरील दाब साधारणतः १४ ते १५ व्होल्ट ठेवतात. मानकानुसार संदेशाचा शिखर दाब कोणत्याही परिस्थितीत २२ व्होल्टपेक्षा जास्त असू नये. एन व त्याहून लहान प्रमाणांसाठीच्या डीकोडरांनी किमान २४ व्होल्ट आणि त्याहून मोठ्या प्रमाणांसाठीच्या डीकोडरांनी किमान २७ व्होल्ट दिष्ट दाब सहन केला पाहिजे, अशीही अट आहे. त्यामुळे फलकावरील घटकांची निवड नेहमीच्या १५ व्होल्टवरून न करता या कमाल मर्यादांवरून करतात. उदाहरणार्थ, १६ व्होल्ट क्षमतेचा कपॅसिटर १५ व्होल्टच्या मांडणीत चालताना दिसला तरी दुसऱ्या मांडणीवर तो निकामी होऊ शकतो.

रुळांवरील ध्रुव सतत बदलत असल्याने बहुतेक फलकांच्या सुरुवातीला चार डायोडांचा पूल असतो. तो दोन्ही दिशांच्या प्रवाहाचे दिष्ट प्रवाहात रूपांतर करतो. घरगुती विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारितेसाठी बनवलेले १एन४००७ सारखे डायोड येथे फारसे योग्य ठरत नाहीत. डीसीसी संदेशाची वारंवारिता काही हजार हर्ट्झ असते आणि मंद डायोड प्रवाह वेळेत तोडू न शकल्याने तापतात. म्हणून शॉटकी किंवा जलद प्रकारचे डायोड वापरले जातात. शॉटकी डायोडांमध्ये दाबाची घटही कमी होते.

फलकांचे प्रमुख प्रकार

डीकोडर जोडफलक: इंजिनातील मोटर, चाकांकडून येणारी वीज आणि दिवे यांच्या तारा एका प्रमाणित सॉकेटपर्यंत आणणारा फलक. डीकोडर या सॉकेटमध्ये बसवला जातो.

दिव्यांची पट्टी: डब्याच्या छताखाली बसणारा लांब व अरुंद फलक. त्यावर एलईडी, रेझिस्टर व डायोडांचा पूल असतो.

उपस्थितीदर्शक: रुळांच्या एखाद्या भागातून प्रवाह वाहत आहे का, हे पाहून तेथे गाडी असल्याचे सांगणारा फलक. साध्या रचनेत उलटसुलट जोडलेल्या डायोडांवर पडणारा सुमारे ०.७ व्होल्टचा दाब मोजतात. इंजिन नसलेल्या डब्यांचीही नोंद व्हावी म्हणून त्यांच्या आसावर दोन्ही चाकांमध्ये साधारण १० किलोओहमचा रेझिस्टर बसवतात. १४ व्होल्ट दाबास त्यातून १.४ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि तेवढा प्रवाह ओळखण्याची संवेदनशीलता फलकात असावी लागते.

सांधा नियंत्रक: रुळांचे सांधे बदलणाऱ्या यंत्रणेस चालवणारा फलक. विद्युतचुंबकीय गुंडाळी असलेल्या यंत्रणेत मोठा कपॅसिटर क्षणार्धात रिकामा करून जोरदार पण अल्पकालीन प्रवाह दिला जातो. संपर्क अडकून राहिला तरी गुंडाळी सतत प्रवाहाने जळत नाही, हा या रचनेचा मुख्य लाभ आहे. सर्व्हो मोटर वापरल्यास मायक्रोकंट्रोलरकडून १ ते २ मिलिसेकंद रुंदीचे स्पंद द्यावे लागतात.

जाळ्यातील फलक: मांडणीच्या निरनिराळ्या भागांतील सिग्नल, कळा व संवेदक एकमेकांशी जोडणारे फलक. यांपैकी अनेक पद्धती मोटारगाड्यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या कॅन या संदेशवहन पद्धतीवर आधारलेल्या आहेत. अशा तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर आवश्यक असतो.

आरेखनाची प्रक्रिया

आरेखनाची सुरुवात परिपथ आकृतीपासून होते. तीत घटक व त्यांच्या जोडण्या दाखवतात. त्यांची प्रत्यक्ष जागा नाही. त्यानंतर प्रत्येक घटकाला त्याचा फूटप्रिंट, म्हणजे त्याच्या पायांसाठी फलकावर ठेवावयाच्या तांब्याच्या ठिपक्यांची अचूक रचना, नेमून दिली जाते. मग फलकाची बाह्यरेषा आखून घटक मांडतात आणि त्यांच्यामध्ये तांब्याच्या मार्गिका काढतात. दोन बाजूंच्या फलकावर एका बाजूची मार्गिका दुसऱ्या बाजूस नेण्यासाठी आतून तांब्याचा मुलामा दिलेले जोडछिद्र वापरतात.

या कामासाठी संगणक प्रणाली वापरल्या जातात. त्यांपैकी कायकॅड ही मुक्त प्रणाली छंदधारकांमध्ये विशेष प्रचलित आहे. ज्याँ-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये फ्रान्समध्ये तिची सुरुवात केली आणि २०१३ पासून युरोपीय अणुसंशोधन संस्था सर्न हिने तिच्या विकासास हातभार लावला. आराखडा पूर्ण झाल्यावर प्रणाली नियमतपासणी करते. मार्गिकांमधील अंतर पुरेसे आहे का, एखादी जोडणी राहून गेली आहे का, छिद्र फलकाच्या कडेला फार जवळ आहे का, हे तीत पाहिले जाते. शेवटी प्रत्येक थरासाठी गर्बर स्वरूपातील फाइल आणि छिद्रांसाठी वेगळी फाइल तयार करून ती उत्पादकाकडे पाठवतात.

संगणकाची नियमतपासणी भौमितिक व जोडणीविषयक चुका शोधते. यांत्रिक चुका तिला कळत नाहीत. म्हणून फलकाचा आराखडा मूळ मापात कागदावर छापून, तो पुठ्ठ्यावर चिकटवून, कापून प्रत्यक्ष डब्यात किंवा इंजिनात बसवून पाहण्याची पद्धत आहे. स्क्रूची जागा, छताचा उतार, मोटरचा उंचवटा आणि तारांसाठी लागणारी मोकळीक या गोष्टी अशा चाचणीत लगेच लक्षात येतात.

जागेच्या मर्यादा

एचओ हे प्रमाण १:८७ असून त्यातील रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. एन प्रमाण १:१६० असून त्यातील अंतर ९ मिलिमीटर, तर झेड प्रमाण १:२२० असून त्यातील अंतर ६.५ मिलिमीटर असते. रेषीय माप निम्मे झाले की घनफळ आठव्या हिश्श्यावर येते. त्यामुळे एचओ इंजिनात सहज बसणारा परिपथ एन इंजिनात केवळ थोडा लहान करून बसवता येत नाही. त्याची रचनाच बदलावी लागते. अनेक एन इंजिनांमध्ये धातूच्या सांगाड्याचे दोन अर्धे भाग दोन रुळांना जोडलेले असतात आणि फलक त्या दोहोंच्या मध्ये अडकवून संपर्क साधला जातो. अशा ठिकाणी फलकाची जाडीही विद्युतजोडणीचाच भाग ठरते. जाडी कमी पडल्यास संपर्क सैल राहतो आणि जास्त झाल्यास सांगाडा बंद होत नाही.

घटकांच्या आकारालाही यात महत्त्व आहे. ०८०५ या मापाचा पृष्ठस्थ रेझिस्टर सुमारे २.० × १.२५ मिलिमीटर, ०६०३ हा १.६ × ०.८ मिलिमीटर आणि ०४०२ हा १.० × ०.५ मिलिमीटर असतो. हाताने डाख देण्यासाठी ०८०५ सोयीचा, ०६०३ सरावाने शक्य आणि ०४०२ बहुतेकांना भिंगाशिवाय अवघड जातो. जागा परवानगी देत असेल तर मोठे माप निवडणे दुरुस्तीच्या दृष्टीने हितावह असते.

सॉकेट आणि आरशातील प्रतिमेची चूक

युरोपातील प्रतिकृती रेल्वे संघटनांचा महासंघ असलेल्या मोरोपच्या एनईएम मानकांमध्ये डीकोडरांच्या सॉकेटची व्याख्या केलेली आहे. एनईएम ६५१ हे सहा टोकांचे आणि एनईएम ६५२ हे आठ टोकांचे सॉकेट आहे. त्यानंतर २१ एमटीसी, प्लक्स व नेक्स्ट१८ ही अधिक टोकांची सॉकेट आली.

एनईएम ६५२ ची रचना आरेखकाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. तिच्यातील टोके चार-चारच्या दोन ओळींमध्ये असतात. पहिल्या टोकाला मोटरची नारिंगी तार, दुसऱ्याला मागील दिव्याची पिवळी, तिसऱ्याला पहिल्या जादा कार्याची हिरवी, चौथ्याला डाव्या रुळाची काळी, पाचव्याला मोटरची करडी, सहाव्याला पुढील दिव्याची पांढरी, सातव्याला दिव्यांच्या सामाईक धन टोकाची निळी आणि आठव्याला उजव्या रुळाची लाल तार येते. पहिले टोक आठव्याच्या समोर असते. प्लग १८० अंशांत फिरवून बसवला तर पहिल्या व पाचव्या टोकांची अदलाबदल होते, म्हणजे मोटरच्याच दोन तारा उलटतात. तसेच चौथ्या व आठव्या टोकांची, म्हणजे रुळांच्याच दोन तारांची अदलाबदल होते. दिवे लागत नाहीत आणि इंजिन उलट दिशेने धावते, परंतु डीकोडर सुरक्षित राहतो.

फलकाच्या आराखड्यात मात्र याहून गंभीर चूक संभवते. सॉकेटचे मानक वरून पाहिलेले असते आणि आरेखक ते खालून पाहिल्याप्रमाणे काढतो किंवा सॉकेट फलकाच्या दुसऱ्या बाजूस बसवतो. अशा वेळी रचना फिरत नाही, तर आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटते. पहिले टोक आठव्याच्या जागी आणि चौथे पाचव्याच्या जागी जाते. परिणामी डीकोडरचा मोटरकडे जाणारा भाग थेट रुळांना जोडला जातो आणि वीज देताच डीकोडर निकामी होण्याची शक्यता असते. नियमतपासणीत ही चूक आढळत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने सर्व जोडण्या परिपथ आकृतीप्रमाणेच असतात. म्हणून सॉकेटच्या पहिल्या टोकाची खूण फलकावर छापणे आणि डीकोडर बसवण्यापूर्वी मल्टिमीटरने रूळ व मोटर यांमध्ये थेट जोडणी नसल्याची खात्री करणे आवश्यक मानले जाते. जुन्या दिष्ट प्रवाहावरील इंजिनांमध्ये मोटरचे एक टोक सांगाड्यामार्गे रुळाला जोडलेले असू शकते. तेही आधी वेगळे करावे लागते.

मार्गिकांची रुंदी आणि शॉर्टसर्किट

मार्गिकेतून किती प्रवाह सुरक्षितपणे वाहू शकतो हे तिची रुंदी, तांब्याची जाडी आणि चालू शकणारी तापमानवाढ यांवर अवलंबून असते. आयपीसी-२२२१ या मानकातील सूत्रानुसार ३५ मायक्रोमीटर जाडीच्या बाह्य थरावर १० अंश सेल्सिअस तापमानवाढीसाठी १ अँपिअरला सुमारे ०.३ मिलिमीटर, ३ अँपिअरला सुमारे १.४ मिलिमीटर आणि ५ अँपिअरला सुमारे २.८ मिलिमीटर रुंदी लागते. प्रवाहाच्या तुलनेत रुंदी अधिक वेगाने वाढते, हे या आकड्यांवरून दिसते.

येथे कोणता प्रवाह गृहीत धरायचा, हा खरा प्रश्न आहे. एखाद्या डब्याचे दिवे केवळ १० मिलिअँपिअर घेत असतील, पण त्याच फलकावरून दोन टोकांच्या चाकांना जोडणारी मार्गिका जात असेल, तर गाडी घसरल्यावर रुळांवरील संपूर्ण प्रवाह त्या मार्गिकेतून जाऊ शकतो. मोठ्या मांडणीतील बूस्टर ५ अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह देऊ शकतो. १५ व्होल्टवर ही शक्ती ७५ वॅट होते, म्हणजे साधारण एका डाख देण्याच्या इस्त्रीइतकी. ०.३ मिलिमीटर रुंद व १०० मिलिमीटर लांब मार्गिकेचा रोध सुमारे ०.१६ ओहम असतो आणि ५ अँपिअरला तिच्यात सुमारे ४ वॅट उष्णता निर्माण होते. प्लॅस्टिकच्या बंद डब्यात एवढी उष्णता प्रतिकृती वितळवण्यास पुरेशी आहे. तीच मार्गिका ३ मिलिमीटर रुंद केल्यास उष्णता दहाव्या हिश्श्यावर येते.

बूस्टरमध्ये शॉर्टसर्किट ओळखून वीज तोडण्याची सोय असते, परंतु प्रवाह ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तरच ती काम करते. तारा बारीक, जोड सैल किंवा मार्गिका अरुंद असल्यास त्यांचा रोधच प्रवाहाला मर्यादेच्या आत रोखतो. मग वीज तुटत नाही आणि बिघाडाची जागा तापत राहते. म्हणजेच अरुंद मार्गिकेमुळे दुहेरी धोका निर्माण होतो: ती स्वतः तापते आणि संरक्षक यंत्रणेलाही निष्प्रभ करते. यावर दोन उपाय केले जातात. मुख्य प्रवाहाच्या मार्गिका रुंद ठेवतात व शक्य तेथे त्या फलकावरून नेतच नाहीत. आणि लहान प्रवाहाच्या फलकाच्या सुरुवातीला फ्यूज किंवा तापल्यावर रोध वाढवून प्रवाह कमी करणारा व थंड झाल्यावर पूर्ववत होणारा संरक्षक घटक बसवतात. मांडणीच्या प्रत्येक भागात रुळांवर आडवे नाणे ठेवून बूस्टर ताबडतोब वीज तोडतो का, हे पाहण्याची चाचणी प्रचलित आहे.

उपस्थितीदर्शकातील डायोडांनाही हाच नियम लागू होतो. त्यांच्यातून त्या भागातील सर्व इंजिनांचा प्रवाह जातो आणि ३ अँपिअरला प्रवाह वाहणाऱ्या प्रत्येक डायोडात २ वॅटांहून अधिक उष्णता निर्माण होते. त्यामुळे हे डायोड फलकापासून किंचित उंच बसवतात अथवा त्यांच्याभोवती तांब्याचे मोठे क्षेत्र ठेवतात.

उदाहरण: डब्यातील दिव्यांची पट्टी

दिव्यांची पट्टी हा बहुधा नवशिक्या आरेखकाचा पहिला फलक असतो. रुळांवर १५ व्होल्ट आहेत आणि साध्या सिलिकॉन डायोडांच्या पुलात सुमारे १.४ व्होल्टची घट होते असे धरल्यास १३.६ व्होल्ट उरतात. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. दोन एलईडी एकामागोमाग जोडल्यास रेझिस्टरवर ७.६ व्होल्ट येतात. आधुनिक एलईडीचा प्रकाश तीव्र असल्याने डब्यासाठी २ मिलिअँपिअर पुरेसे होतात, त्यासाठी ३.८ किलोओहम आणि प्रमाणित मापांतील ३.९ किलोओहमचा रेझिस्टर योग्य ठरतो. त्यातील उष्णता सुमारे १५ मिलिवॅट असते, तर ०८०५ मापाच्या रेझिस्टरची सामान्य क्षमता १२५ मिलिवॅट आहे. अशा पाच जोड्यांसाठी, म्हणजे दहा एलईडींसाठी, एकूण प्रवाह सुमारे १० मिलिअँपिअर होतो.

रुळांवरील धूळ किंवा सांध्यावरील वीजविरहित भाग यांमुळे दिवे लुकलुकतात. ते टाळण्यासाठी पुलानंतर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडल्यास वीज तुटल्यानंतर सुमारे पाव सेकंदाने एलईडींमधील प्रवाह निम्म्यावर येतो. धावत्या गाडीतील क्षणिक खंड भरून काढण्यास एवढा काळ पुरतो. मात्र रिकामा कपॅसिटर वीज येताच क्षणभर शॉर्टसर्किटसारखा वागतो. दहा डब्यांच्या गाडीत असे दहा कपॅसिटर एकाच वेळी भरू लागले तर बूस्टर बिघाड समजून वीज तोडतो, पुन्हा देतो आणि पुन्हा तोडतो. यासाठी प्रत्येक कपॅसिटरच्या मार्गात १०० ओहमचा रेझिस्टर ठेवून सुरुवातीचा प्रवाह प्रत्येक डब्यामागे १३६ मिलिअँपिअरपर्यंत मर्यादित करतात. या रेझिस्टरला समांतर डायोड जोडला की कपॅसिटर रिकामा होताना प्रवाह अडथळ्याविना दिव्यांकडे जातो. कपॅसिटरची क्षमता २५ किंवा अधिक सुरक्षिततेसाठी ३५ व्होल्ट ठेवतात. तो आकाराने मोठा असल्याने पट्टीवर न बसवता बाहेरून न दिसणाऱ्या शौचालयाच्या किंवा गार्डच्या कप्प्यात ठेवण्याची पद्धत आहे.

विद्युत गोंगाट आणि संदेशाची शुद्धता

मोटरच्या ब्रशांमधील ठिणग्या आणि रुळांवरील जलद ध्रुवबदल यांमुळे फलकावर विद्युत गोंगाट निर्माण होतो. मायक्रोकंट्रोलरच्या वीजटोकांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवणे हा त्यावरील प्राथमिक उपाय आहे. हा कपॅसिटर आकृतीत कोठेही दाखवला तरी फलकावर तो त्या टोकांना अगदी लागून असावा लागतो. लांब मार्गिकेने जोडल्यास त्याचा उपयोग बराच कमी होतो. दोन बाजूंच्या फलकावर एका बाजूस शक्य तितके अखंड ऋण तांबे ठेवल्यास परतीच्या प्रवाहाला जवळचा मार्ग मिळतो. मोटरचा परतीचा प्रवाह आणि संवेदकाचा परतीचा प्रवाह एकाच अरुंद मार्गिकेतून नेणे टाळतात.

मांडणीवरील स्थिर फलकांमध्ये रुळांवरील संदेश वाचण्यासाठी प्रकाशाद्वारे जोडणी करणारा ऑप्टोकपलर वापरतात, जेणेकरून रूळ व मायक्रोकंट्रोलर विद्युतदृष्ट्या अलग राहतात. डीकोडरने ‘१’ या अंकाचा अर्धा भाग ५२ ते ६४ मायक्रोसेकंदांदरम्यान असला तरी तो ओळखावा अशी मानकाची अपेक्षा आहे. म्हणजे ५८ मायक्रोसेकंदांच्या नाममात्र मूल्याच्या दोन्ही बाजूंस केवळ ६ मायक्रोसेकंदांची मुभा असते. साध्या, मंद ऑप्टोकपलरला चालू व बंद होण्यास लागणाऱ्या वेळांतील फरक यापेक्षा अधिक असू शकतो. त्यामुळे ६एन१३७ सारखा जलद प्रकार प्रचलित आहे.

निर्मिती आणि जोडणी

एका बाजूचा साधा फलक घरी तयार करता येतो. तांब्याच्या थरावर मार्गिकांचा आराखडा उमटवून उरलेले तांबे फेरिक क्लोराइडच्या द्रावणात विरघळवतात. वापरलेल्या द्रावणात तांबे असते व ते जलचरांना अपायकारक असल्याने ते मोरीत ओतू नये. दोन बाजूंच्या फलकातील जोडछिद्रांना आतून तांब्याचा मुलामा देणे घरी अवघड असल्याने असे फलक व्यावसायिक उत्पादकांकडून करून घेतात. लहान फलक एका मोठ्या पत्र्यावर एकत्र मांडून त्यांच्यामध्ये खाचा ठेवल्यास ते नंतर तोडून वेगळे करता येतात. एन व त्याहून लहान प्रमाणांसाठी १.६ ऐवजी ०.८ मिलिमीटर जाडीचे फलक निवडतात.

कथील व शिसे यांचा ६३:३७ प्रमाणातील डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. शिसेविरहित प्रचलित डाखासाठी सुमारे २१७ अंश लागतात. डाख देताना खेळती हवा असावी आणि काम झाल्यावर हात धुवावेत. डायोड, एलईडी व इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर यांची दिशा फलकावर छापलेली असल्यास जोडणीतील चुका कमी होतात.

नवा फलक थेट रुळांवर न ठेवता प्रवाहमर्यादा निश्चित करता येणाऱ्या वीजपुरवठ्यावर प्रथम तपासतात. मर्यादा ५० मिलिअँपिअरवर ठेवल्यास उलट बसवलेला घटक जळण्यापूर्वीच चूक लक्षात येण्याची शक्यता असते. घरगुती २३० व्होल्टचा दाब छंदासाठी बनवलेल्या फलकावर कधीही आणू नये. त्यासाठी प्रमाणित अडॅप्टर वापरून मांडणीवर केवळ कमी दाबाची वीज आणतात.

मुक्त आराखडे

अनेक छंदधारक आपले आराखडे इतरांना वापरण्यासाठी व सुधारण्यासाठी खुले ठेवतात. ब्रिटनमधील मॉडेल इलेक्ट्रॉनिक रेल्वे ग्रुप ही १९६७ मध्ये स्थापन झालेली संस्था आपल्या सदस्यांसाठी परिपथ व फलकसंच तयार करते. मुक्त स्वरूपातील जेएमआरआय ही संगणक प्रणाली आणि आर्डुइनोवर आधारित डीसीसी-ईएक्स हे आज्ञाकेंद्र यांमुळे स्वतः तयार केलेले फलक इतर उपकरणांशी जोडणे सुलभ झाले आहे. परिपथ आकृती, फलकाची फाइल आणि घटकांची यादी एकत्र जपून ठेवल्यास एखादा घटक बाजारातून नाहीसा झाल्यावर दुसऱ्या कोणालाही पर्यायी घटकासह फलक नव्याने करता येतो. बंद पडलेल्या कंपन्यांच्या जुन्या प्रतिकृती चालू ठेवण्यासाठी याचा विशेष उपयोग होतो.

भारतीय प्रतिकृतींचा संदर्भ

महाराष्ट्रात पुण्यातील कोथरूड भागात जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले हे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले असून तेथे चालती प्रतिकृती रेल्वे पाहता येते.

भारतीय गाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्यांना स्वतंत्र फलकांची गरज मापांमुळेही भासते. एचओ प्रमाणातील १६.५ मिलिमीटरचे रूळ हे १,४३५ मिलिमीटरच्या प्रमाण गेजचे लघुरूप आहे. भारतीय रुंद गेज १,६७६ मिलिमीटर असल्याने १:८७ या प्रमाणात ते सुमारे १९.३ मिलिमीटर होते. डब्यांची लांबीही वेगळी असते. २६.४ मीटर लांबीच्या युरोपीय डब्याची एचओ प्रतिकृती सुमारे ३०३ मिलिमीटर लांब असते. इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या पारंपरिक डब्याचा सांगाडा २१.३४ मीटरचा असल्याने प्रतिकृतीत तो सुमारे २४५ मिलिमीटर होतो, तर एलएचबी डब्याचा २३.५४ मीटरचा सांगाडा सुमारे २७१ मिलिमीटर होतो. युरोपीय डब्याच्या लांबीनुसार बनवलेली दिव्यांची पट्टी यांत पूर्ण लांबीने बसत नाही आणि मध्येच कापल्यास तिच्यावरील परिपथ तुटू शकतो. डब्यातील कप्प्यांच्या अंतरानुसार एलईडी मांडलेली स्वतंत्र पट्टी केल्यास प्रत्येक कप्प्यात व प्रवेशद्वारापाशी मूळ डब्याप्रमाणे प्रकाश देता येतो.